कादंबरी वाचल्याने खरोखर काही हाती लागते, की तोही एक बरा दिसणारा वेळकाढूपणाच?

पाचोरेकर (प्रश्न)

नमस्कार. मी पाचोऱ्याला राहतो आणि नोकरीसाठी रोज भुसावळला अपडाऊन करतो. जाताना तास-सव्वा तास आणि येताना, गाडीने मनावर घेतले तर, तेवढाच वेळ मोकळा मिळतो. कॉलेजात असताना आणि नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी एखादी कादंबरी असायचीच. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, २०२० पासून रील्स आल्या, आणि आता आमच्या डब्यात ज्या बाकांवर पासधारकांचा पत्त्यांचा डाव रंगायचा, त्या बाकांवरही सगळ्यांच्या माना खाली गेलेल्या असतात. माझीही मान त्यांतलीच. परतीच्या प्रवासात जळगाव कधी येऊन गेले हे पुष्कळदा शिरसोलीला लक्षात येते, आणि घरी गेल्यावर आज काय पाहिले असे कोणी विचारलेच, तर एक गोष्ट धड सांगता येत नाही.

म्हणून पुन्हा वाचायला लागावे असे मनात आहे. हे मी घरी बोलून दाखवले तेव्हा माझे मेहुणे म्हणाले की, मोबाईल सोडायचा तर सोडा, पण त्याऐवजी एखादे माहितीचे, अर्थकारणाचे, नाहीतर व्यक्तिमत्त्व विकासाचे पुस्तक वाचा. कुणीतरी मनाने रचलेल्या, कधीच न घडलेल्या गोष्टी वाचून तुम्हाला काय मिळणार? माझी मुलगी दहावीला आहे आणि हे बोलणे तिच्यासमोरच झाले, त्यामुळे उत्तर देणे मला भाग होते. पण 'वाचन चांगले असते' यापलीकडे मला काही सुचले नाही.

तेव्हा जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, कथा-कादंबरी वाचण्याचा असा काही लाभ आहे का, जो बातम्या वाचून किंवा माहितीपर व्हिडिओ पाहून मिळत नाही? आणि असला, तर दोन पाने झाली की आपोआप खिशाकडे जाणारा हात थांबवायचा कसा?

मानसशास्त्राचा प्राध्यापक, धुळे

आपल्या मेहुण्यांचा आक्षेप वरवरचा नाही, म्हणून आधी त्यांच्या बाजूने जेवढे बोलता येईल तेवढे बोलतो. ललित वाचनाने माणूस अधिक समंजस होतो, हे विधान हल्ली फार सहज केले जाते. त्यामागे मुख्यतः २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला किड आणि कास्टानो या दोन संशोधकांचा एक प्रयोग असतो. साहित्यिक कथेचा थोडासा भाग वाचलेल्या लोकांना नुसत्या डोळ्यांची छायाचित्रे दाखवली, तर समोरच्याच्या मनातला भाव ते इतरांपेक्षा अधिक बरोबर ओळखतात, असा त्याचा निष्कर्ष होता. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. पुढे दोन मातब्बर नियतकालिकांतल्या सामाजिक विज्ञानाच्या २१ प्रयोगांची फेरतपासणी होऊन तिचे निकाल २०१८ मध्ये जाहीर झाले. त्यांतले १३ प्रयोग टिकले, आणि हा प्रयोग न टिकलेल्यांत होता. त्याच वर्षी अशा १४ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, तेव्हा परिणाम आढळला खरा, पण तो लहान होता. म्हणून 'कादंबरी वाचा आणि सहृदय व्हा' असे फलक लावणाऱ्यांपासून मी चार हात लांबच राहतो.

येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या पन्नाशी ओलांडलेल्या ३,६३५ लोकांच्या १२ वर्षांच्या नोंदी तपासल्या, आणि पुस्तके वाचणारे न वाचणाऱ्यांपेक्षा अधिक जगले असे त्यांना दिसले; शिक्षण, उत्पन्न, प्रकृती यांचा हिशेब वजा केल्यावरही हा फरक उरला. तरीही पुस्तकांमुळेच ते अधिक जगले असे यावरून सिद्ध होत नाही, शिवाय ती पुस्तके कथा-कादंबऱ्याच होत्या असेही त्या पाहणीत विचारलेले नव्हते. आयुष्य वाढावे म्हणून कादंबरी वाचायची असेल, तर त्यापेक्षा भुसावळच्या फलाटावर चार फेऱ्या मारलेल्या बऱ्या.

इतके मान्य करूनही मी कादंबरीच्या बाजूचा आहे. त्याचे कारण कादंबरी आपल्याकडून कोणते काम करून घेते, यात आहे. पूर्वी संकेतस्थळावरचे पान संपायचे आणि पुढे जायचे तर बटण दाबावे लागायचे. तेवढ्या क्षणात माणूस 'पुरे आता' असे स्वतःला म्हणू शकत होता. २००६ साली अझा रास्किन यांनी न संपणाऱ्या पानाची रचना केली आणि ती थांबण्याची जागाच नाहीशी झाली. आपण हे करायला नको होते, असे ते स्वतः पुढे जाहीरपणे म्हणाले आहेत. ग्लोरिया मार्क या संशोधिकेच्या मोजणीनुसार २००४ मध्ये लोक पडद्यावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटे टिकत, तो काळ अलीकडे ४७ सेकंदांवर आलेला आहे. अशा सवयीत प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे मिटते. हसू आले, राग आला, वाईट वाटले, आणि बोट वर सरकले. मनात काही शिल्लक ठेवण्याची गरजच पडत नाही.

कादंबरीत याच्या नेमके उलट घडते. पाच-सहा माणसे, त्यांचे हेतू, त्यांनी एकमेकांपासून लपवलेल्या गोष्टी, कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणाला नाही, हे सगळे वाचकाला ३०० पाने सांभाळावे लागते आणि उत्तर न मिळालेला प्रश्न डोक्यात घेऊन चार दिवस आपली कामे करावी लागतात. शिवाय ज्या माणसाशी आपण प्रत्यक्षात दोन मिनिटेही बोललो नसतो, त्याच्या मनात बसून त्याच्या चुकीच्या निर्णयापर्यंत त्याच्या सोबतीने जावे लागते. एखाद्याने जमीन विकली, ही बातमी होते. विकण्याच्या आदल्या रात्री तो स्वतःला काय काय पटवून देत होता, आणि त्यातले त्याला स्वतःलाच किती खोटे वाटत होते, हे बातमीदाराला कळण्याचा मार्ग नाही. ते कल्पनेनेच कळते. माहितीच्या पुस्तकाबद्दल मला आदर आहे, पण ते आपल्याला निष्कर्ष देते आणि मोकळे होते.

'न घडलेल्या गोष्टी' या आक्षेपाला आमच्या धुळ्यातलेच एक उदाहरण आहे. अस्सल कागदपत्रांच्या आधाराशिवाय इतिहासाचे एक पाऊल पुढे न टाकणारे वि. का. राजवाडे अखेरीस धुळ्यात राहिले आणि १९२६ मध्ये इथेच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही इथे आहे. त्याच राजवाड्यांनी १९०२ साली कादंबरी या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. अस्सल आणि बनावट यांतला फरक त्यांच्याइतका कोणाला कळत होता? तरीही रचलेल्या गोष्टीला त्यांनी खोट्या दस्तऐवजाच्या रांगेत बसवले नाही.

एक किरकोळ पण उपयोगी मुद्दा. कागद चांगला की पडदा, यावर २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा झाला. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो असे त्यात दिसले, मात्र गोष्टीच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. त्यामुळे कादंबरी मोबाईलवर वाचली तरी बिघडत नाही; अडचण असते ती त्याच पडद्यावर वरून टपकणाऱ्या संदेशांची.

वाचनालयातली ताई, अमळनेर

पाचोरेकर भाऊ, सरांनी तत्त्वाचे सांगितलेच आहे. मी कपाटाशेजारी बसून जे दिसते ते सांगते. आमच्या वाचनालयाची अभ्यासिका सकाळी उघडल्यापासून भरलेली असते. स्पर्धा परीक्षेची मुले डबा घेऊन येतात, खुर्ची मिळाली नाही तर जिन्यात बसतात, आणि तिथून दहा पावलांवर असलेले कादंबऱ्यांचे कपाट मात्र एखाद्या आठवड्यात दोनदासुद्धा उघडले जात नाही. पुस्तकांशी पाठ फिरवलेली ही पिढी आहे असे म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन ती अभ्यासिका पाहावी. मुले दिवसभर वाचतात, परंतु जे विचारले जाईल तेवढेच वाचतात, आणि थकली की सुटका म्हणून मोबाईल काढतात. आपल्या मेहुण्यांच्या बोलण्याचा मला राग येत नाही. आजूबाजूला सगळा व्यवहारच तसा चालला आहे.

आमचे जुने सभासद मात्र वेगळ्याच जातीचे आहेत. पुस्तकाच्या शेवटच्या पानाला चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर शिक्के बघावेत, तर काही कादंबऱ्यांच्या चिठ्ठ्या भरून त्यांवर दुसरी आणि तिसरी चिकटवलेली सापडते. काही आजोबा पुस्तक वाचून झाले की ठरलेल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खूण करतात, म्हणजे पुढच्या वेळी तेच पुस्तक हाती आले तर आधी वाचल्याचे कळावे. नियमाप्रमाणे मी त्यांना टोकायला हवे. मी टोकत नाही, कारण एकाच पानावर तीन वेगवेगळ्या खुणा दिसल्या की ही गोष्ट आपल्या गावात कोणाकोणाच्या घरी जाऊन आली आहे ते मला समजते, आणि त्या तिघांपैकी दोघे बाकावर बसून नायिकेने केले ते बरोबर की चूक यावर तावातावाने भांडतानाही मी पाहिलेले आहेत. रील पाहून झाल्यावर असे भांडण होत नाही, कारण तुमच्या मोबाईलवर आलेली रील माझ्या मोबाईलवर आलेलीच नसते.

हात थांबवण्याविषयी विचारले आहे. पुष्कळ वर्षांनी वाचनाकडे वळणारे लोक येतात आणि येताच सर्वांत जाडजूड, सर्वांत नावाजलेले पुस्तक मागतात. ते महिनाभर उशाशी पडून राहते आणि तसेच परत येते. त्यानंतर तो माणूस पुन्हा दिसत नाही. त्याऐवजी पहिले पुस्तक १०० ते १५० पानांचे, आणि ज्याची प्रकरणे एका बैठकीत संपतात असे घ्यावे. 'श्यामची आई' हे पुस्तक आपण सगळे शाळेपासून ओळखतो, पण त्याची बांधणी पुन्हा पाहावी: प्रकरणांऐवजी त्यात ४२ रात्री आहेत आणि एका रात्रीची गोष्ट त्याच रात्री पुरी होते. आमच्या अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. वाचनाची सवय मोडलेल्या माणसाला असे तुकडे फार मानवतात.

दुसरे म्हणजे पुस्तक शक्यतो विकत घेऊ नका, निदान सुरुवातीला तरी. विकत घेतलेले पुस्तक कधीही वाचता येते, म्हणून ते कधीच वाचले जात नाही. वाचनालयाच्या पुस्तकाला परत करण्याची तारीख असते, आणि उशीर झाला तर माझ्यासारखी एखादी बाई फोन करते. हा धाक क्षुल्लक असला तरी लागू पडतो.

केळीवाला, रावेर तालुका

सर आणि ताई, दोघांनाही नमस्कार. आपले म्हणणे पटते, पण या चर्चेत मोबाईलला सरसकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाऊ नये, म्हणून लिहितो. केळीचे भाव, हवामानाचा अंदाज, खताची चौकशी, मजुरांचे निरोप, हे सगळे मला त्याच पडद्यावर मिळते. तो बाजूला ठेवणे नोकरदाराला जितके सोपे आहे तितके शेतकऱ्याला नाही. शिवाय आपल्या अहिराणीतले जे विनोदी व्हिडिओ निघतात, ते पाहून माझी आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते. ज्या बोलीला शाळेत जागा नव्हती ती पडद्यावर ऐकू येते, हे मला थोडे वाटत नाही.

माझा कादंबरीशी संबंध कानांमुळे जुळला. शेतीपंपाची थ्री फेज लाईट आठवड्याआड रात्रीची असते, आणि पाण्याची पाळी बदलायला रात्रभर जागे राहावे लागते. या वेळी पूर्वी मी व्हिडिओ पाहायचो. त्याने डोळे चुरचुरायचे आणि बॅटरीचा उजेड असूनही बांधावरचे नीट दिसेनासे व्हायचे, जे आमच्याकडे सापांच्या दिवसांत धोक्याचे असते. मुलाने मराठी पुस्तके ऐकवणारे एक अॅप घालून दिले. मोबाईल खिशात राहतो, एका कानात गोष्ट चालू असते, दुसरा कान मोटारीच्या आवाजाकडे असतो. हे वाचन म्हणावे की नाही, याचा निवाडा प्राध्यापकांनी करावा. पण पूर्वीही आपल्याकडे वहीगायन, म्हणजे गाऊन सांगितलेल्या लोककथा, ऐकायला रात्र रात्र बसणाऱ्यांपैकी कितीजणांना लिहिता-वाचता येत होते?

एक गोष्ट मात्र मी घरात पाहिली. आईला अक्षरओळख नाही. दिवाळीच्या सुमारास मी एक जुनी ग्रामीण कादंबरी संध्याकाळी ओसरीवर मोठ्याने लावू लागलो. आई शेंगा फोडत ऐकायची, आणि मी भाग बंद केला की विचारायची, "मंग, पुढे काय व्हयनं?" त्या कादंबरीत एका सावकाराने जमीन लिहून घेतल्याचा प्रसंग आला, तेव्हा तिने शेंगांचे सूप बाजूला सारले, त्या सावकाराला मनसोक्त शिव्या दिल्या आणि मग तिच्या वडिलांची नाल्याकाठची जमीन कशी गेली, कागदावर अंगठा देताना घरात कोण कोण होते, आजीने त्या रात्री चूल का पेटवली नाही, हे सगळे सांगितले. माझ्या आजोळी जमीन होती हेच मला तोवर ठाऊक नव्हते. आईला मी आजवर मोबाईलवर शेकडो व्हिडिओ दाखवले असतील. ते पाहून ती हसली, हळहळली, पण स्वतःबद्दल कधी बोलली नाही. पाचोरेकर भाऊ, आपल्या मेहुण्यांना ही मिळकत सांगून पाहा. पैशांत मोजता येणार नाही, एवढी तिची अडचण आहे.

मानसशास्त्राचा प्राध्यापक, धुळे

निवाडा देतो: गोष्ट समजण्याच्या दृष्टीने ऐकणे आणि वाचणे यांत प्रौढ माणसाला फार मोठे अंतर पडत नाही. वाचताना मागचे पान उलटून पाहणे सोपे जाते आणि आपल्या गतीने थांबता येते, हा फायदा कागदाचा. हात-डोळे मोकळे राहतात, हा कानांचा. आपल्या आईसाहेबांबाबत जे घडले, ते मी वर्गात इतक्या स्पष्टपणे कधी समजावू शकलो नसतो. दुसऱ्याची म्हणून ऐकलेल्या गोष्टीच्या आडोशाने माणूस स्वतःचे बोलू शकतो. थेट विचारले असते तर त्या कदाचित बोलल्या नसत्या.

पाचोरेकर

सर्वांचे मनापासून आभार. मेहुण्यांना हा सगळा मजकूर वाचायला पाठवला. रावेरच्या भाऊंचा भाग वाचून ते काही बोलले नाहीत, ही त्यांच्या स्वभावाप्रमाणे मोठीच कबुली आहे. आता ताईंना नेमके विचारतो. मला गाडीत वाचण्यासाठी पहिले पुस्तक कोणते घ्यावे? आणि मुलीला दहावीच्या वर्षात कादंबरी द्यावी का, की परीक्षा होईपर्यंत थांबावे?

वाचनालयातली ताई, अमळनेर

आपल्यासाठी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' सुचवते. १९३९ सालची ही छोटी कादंबरी युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते; एका प्रवासापुरती एकत्र आलेली माणसे आणि पुढे ठेपलेले महायुद्ध, एवढ्यात सगळे सामावलेले आहे. रोज एकाच डब्यात बसणाऱ्या पण एकमेकांचे फारसे न जाणणाऱ्या आपल्या मंडळींना ती जवळची वाटेल. ती संपली की व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची १९६३ची 'कोसला' मात्र हात बसल्यावर घ्या. तिचा सूर एकदा कानात बसला की ती सुटत नाही, पण तो बसण्याआधी ती घाईने बाजूला ठेवणारे मी बरेच पाहिले आहेत. गाडीत पुस्तक काढताना मोबाईल खिशात न ठेवता पिशवीच्या तळाशी, डब्याच्याही खाली ठेवा. डबा काढून तो शोधायचा कंटाळा येतो आणि तेवढ्यात आणखी दोन पाने वाचून होतात.

मुलीच्या बाबतीत परीक्षेपर्यंत थांबू नका, पण तिच्या हाती पुस्तक देऊन 'हे वाच' असेही म्हणू नका. दहावीच्या मुलांना दिवसभर हेच वाच आणि तेच वाच ऐकावे लागते. त्यात कादंबरीची भर पडली तर तीही अभ्यासात जमा होईल. आपण वाचत असलेले पुस्तक घरात दिसेल असे ठेवा आणि तिने काही विचारले तर गोष्ट अर्धीच सांगा. झोपण्यापूर्वीचा अर्धा तास ती मोबाईलवर घालवत असेल, तर त्या वेळात गोष्टींचे पुस्तक वाचल्याने अभ्यासाचा एक मिनिटही कमी होणार नाही. नाव नोंदवायला जाल तेव्हा दोघांची दोन स्वतंत्र खाती काढा, म्हणजे पुस्तक कोणी निवडायचे यावरून वाद होणार नाही. बहुतेक ठिकाणी ओळखपत्राची प्रत, थोडी अनामत आणि वर्गणी एवढेच लागते, आणि अनामत नाव काढताना परत मिळते. साप्ताहिक सुट्टीचा वार मात्र गावोगावी वेगळा असतो, तेव्हा निघण्यापूर्वी तेवढे विचारून जा.